आधी सह्या, मग मजकूर

कागदाच्या तळाशी चार सह्या होत्या आणि त्यांच्या वरचा सगळा कागद कोरा होता. विमलबाईंनी नजरेनं अंदाज घेतला. फूलस्केप कागद, तेरा इंच लांब; पहिली सही वरच्या कडेपासून साधारण दहा इंचांवर. पहिली सही किशनरावांची, ठसठशीत, खाली दोन रेघा आणि दोन टिंबं. दुसरी अंबाजी मास्तरांची, घाईची. तिसरी चंद्रम्मांची, कन्नडात, गोल गोल. चौथी उजवीकडून डावीकडे गेलेली. तात्याराव निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले होते आणि पुढं सगळं बदललं तरी सही तेवढी त्यांनी बदलली नव्हती. पाचव्या सहीसाठी किशनरावांनी पेन्सिलीनं फुली मारून जागा राखली होती.

"मारा बाई सही," किशनराव म्हणाले. "आधी सह्या घेऊन टाकू. मग काय लिवायचं ते निवांत लिवू."

"वर काहीच लिहिलेलं नाही."

"म्हणून तर! एकदा लिवलं की माणसं वाचायला लागतात. वाचलं की भांडतात."

अंबाजी मास्तर हसले. तात्यारावांनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

विमलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "लिफाफा अजून फोडलेला नाही आपण. कशावर एकमत झालं ते तरी कळू द्या."

शहाऐंशी सालचा मे महिना होता. हुमनाबादच्या एका हायस्कुलात मराठी शाळांच्या शिक्षकांचं पाच दिवसांचं शिबिर भरलं होतं आणि हा त्याचा चौथा दिवस. खिडकीतून पुणे-हैदराबाद रस्त्यावरच्या लॉऱ्या दिसत; एखादी भरलेली गेली की फळ्याच्या पट्टीवरचा खडू थरथरायचा. पोरांच्या बाकांवर पन्नाशीला टेकलेले मास्तर गुडघे दुमडून बसले होते. शिकवायला गुलबर्ग्याहून रेवणसिद्धप्पा सर आले होते. त्यांचं मराठी कन्नड वळणाचं, पण स्वच्छ. जेवणानंतर त्यांनी चाळीस जणांचे आठ गट पाडले, प्रत्येक गटाला एक कोरा कागद आणि एक बंद लिफाफा दिला, आणि फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. मतदान नाही. चाळीस मिनिटांत सर्वांचं एकमत. प्रत्येकानं आपल्या तोंडानं 'मला मान्य आहे' असं म्हणायचं. जो गप्प बसेल त्याला मान्य नाही असं धरलं जाईल.

तिसऱ्या ओळीवर वर्गात कुजबूज झाली.

"सर, आमच्याकडं उलटं असतंय," मागून कुणीतरी म्हणालं. "गप बसला म्हणजे कबूल."

"ठाऊक आहे री," रेवणसिद्धप्पा कन्नडातला आदराचा 'री' जोडून म्हणाले. "माझ्या गावातही तेच. म्हणून तर फळ्यावर लिहिलं."

आता ते गटागटांतून हिंडत होते. पाचव्या गटापाशी येऊन थांबले, कागद उचलला, उजेडात धरला, उलटा करून मागची बाजू पाहिली.

"सह्या चार. मजकूर नाही. तीन मिनिटांत एकमत! कशावर झालं, अण्णा?"

वर्ग हसला. किशनरावही मोकळेपणानं हसले. "सवय हो सर. शाळेत प्रोसिडिंग असंच असतंय."

"असं? मग शाळेतलं प्रोसिडिंगही एकदा दाखवा मला." सरांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि दुसरा कोरा कागद बाकावर ठेवला.

विमलबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्या शाळेतलं प्रोसिडिंग कसं असतं ते त्यांना किशनरावांइतकंच ठाऊक होतं. दोघं एकाच शाळेतले. चिटगुप्प्यापासून दोन कोसांवरची शाळा. किशनराव तिथं मराठी शिकवत, विमलबाई विज्ञान. त्या शाळेत बैठक न भरवताच शिपाई प्रोसिडिंगचं पुस्तक घेऊन वर्गावर्गात फिरायचा. पान कोरं, तळाशी नावांची रांग. खडूच्या हातानं सही करायची आणि पुन्हा फळ्याकडं वळायचं. चार वर्षांपूर्वी जुने हेडमास्तर निवृत्त झाले त्या जूनमध्ये विमलबाईंनी अशीच एक सही केली होती. आठवड्यानं कसलीशी तारीख पाहायला त्यांनी पुस्तक उघडलं, तर पान भरलेलं. किशनरावांचं वळणदार अक्षर: सेवाज्येष्ठ शिक्षिका श्रीमती विमलबाई यांनी कौटुंबिक अडचणीमुळे मुख्याध्यापकपद स्वीकारण्यास अनिच्छा दर्शविल्याने श्री. किशनराव यांच्याकडे तात्पुरता कार्यभार सर्वानुमते देण्यात येत आहे.

आपल्याला अनिच्छा आहे हे विमलबाईंना अशा रीतीनं कळलं.

लंबकाच्या प्रयोगात शेवटचं उत्तर आधी लिहून मग त्याला जुळतील असे झोके मांडणारी पोरं त्यांना नेमकी ओळखू यायची. तसली वही त्या न बोलता परत द्यायच्या आणि प्रयोग पहिल्यापासून करायला लावायच्या. पण हे पान परत कुणाला देणार? खाली सही स्वतःची होती. ती खोटी म्हणायची तर शेजारच्या सात सह्याही खोट्या म्हणाव्या लागल्या असत्या, आणि त्या सातजणांबरोबर दुसऱ्या दिवशी चहा प्यायचा होता. त्या गप्प बसल्या. पुढच्या जूनला अनिच्छेचं टाइप केलेलं पत्र सहीसाठी आलं आणि त्यांनी सही केली. त्याच्या पुढच्या जूनला आणखी एक. मग आणखी एक. कधी सासूबाईंचं आजारपण होतं, कधी थोरलीची दहावी. अडचण दर वेळी खरी असायची. त्या अडचणीमुळं पद नको, हे मात्र खरं नसायचं.

संस्थेचे सेक्रेटरी एकदा फार मऊ आवाजात बोलले होते. "बाई, तुमच्या हुशारीबद्दल कुणाचं काही म्हणणं न्हाई. पण दसऱ्याला सरस्वतीची पूजा हेडमास्तरच्या हातनं होतीय. तुम्ही बौद्ध. तुम्हाला ते जमायचं न्हाई, आणि बळंच करायला लावणं आम्हाला बरं दिसायचं न्हाई." इतक्या काळजीनं कुणी तोंडावर दार लावलं तर त्याच्यावर रागवायचं कसं, ते विमलबाईंना त्या दिवशी सुचलं नाही. घरी येऊन त्यांनी हेडमास्तरच्या कर्तव्यांचं सरकारी परिपत्रक शोधून काढलं आणि सावकाश वाचलं. एकवीस कलमं होती. पूजा एकातही नव्हती.

यंदा जागा कायमची भरायची होती. सेवाज्येष्ठ शिक्षकानं इच्छा किंवा अनिच्छा लेखी कळवावी, असं वरून पत्र आलं होतं. अनिच्छेचं पत्र सेक्रेटरींनी कन्नडात टाइप करवून घेतलं होतं आणि ते किशनरावांच्या प्लास्टिकच्या फाइलीत होतं. शिबिर संपलं की शुक्रवारी संध्याकाळची बस धरून ते बीदरला जाणार आणि शनिवारी शिक्षणखात्याच्या ऑफिसात देणार. फक्त सही राहिली होती. सोमवारी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, मंगळवारी जेवणाच्या रांगेत, काल बस स्टँडवर. विमलबाई तिन्ही वेळा म्हणाल्या, "उद्या बघू."

किशनराव वाईट माणूस असते तर सोपं झालं असतं. त्यांच्या शेतातले आंबे दर वर्षी बाईंच्या घरी यायचे. थोरलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी ते भर उन्हात गुलबर्ग्याला जाऊन रांगेत उभे राहिले होते. ते सात वर्षांनी कनिष्ठ होते, आणि चार वर्षं त्या खुर्चीत बसून ती खुर्ची आपल्याच मापानं केलेली आहे असं त्यांना मनापासून वाटायला लागलं होतं.

अंबाजी मास्तरांनी लिफाफा फोडला. गोष्ट छोटी होती. एका गावातल्या शाळेला सरकारनं एक नवी खोली बांधून दिली. ती कशाला वापरायची ते पाचजणांनी ठरवायचं. ठरलं नाही तर खोलीला कुलूप. पाच चिठ्ठ्या, पाच माणसं, आणि प्रत्येक चिठ्ठीत त्या माणसाची मागणी.

तात्यारावांना सरपंच मिळाला. "चला, रिटायर व्हायच्या आधी सरपंच तरी झालो."

अंबाजींना विज्ञान शिक्षक. "मी कवायतीचा मास्तर. प्रयोगशाळेत पोरांना दौडवू का आता?"

चंद्रम्मांना शाळेची माजी विद्यार्थिनी मिळाली. किशनरावांनी आपली चिठ्ठी उघडली, 'पालक, शेतमजूर' एवढं वाचून पुन्हा घडी घातली. विमलबाईंनी आपली उघडली. हेडमास्तर.

किशनरावांनी वाकून पाहिलं. "अरे, हे तर उलटंच झालं. द्या बाई इकडं, बदलून घेऊ. मला सवय हाय, पटकन उरकंल."

हात पुढं आला होता. निश्चिंत हात, असा हात पुढं केला की त्यावर वस्तू ठेवली जाते, हे त्याला माहीत होतं. विमलबाईंनी चिठ्ठी लपवली नाही. समोर बाकावर सरळ करून ठेवली आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून मनगटावरचं घड्याळ काढून तिच्यावर ठेवलं.

"चिठ्ठी माझ्या वाट्याला आली आहे."

"अहो, खेळ हाय हा."

"मग खेळातच राहू द्या की."

हात क्षणभर तसाच राहिला आणि मागं गेला. अंबाजींनी भुवया वर केल्या. "किशनराव, आज तुम्ही मजूर. बाईंच्या म्होरं उभं ऱ्हावं लागंल, टोपी काढून."

"काढतो की," किशनराव म्हणाले, पण हसू पूर्ण आलं नाही.

"दोन वाजून वीस मिनिटं झाली," विमलबाई म्हणाल्या. "बावन्नला संपतं. एकेकानं आपली मागणी सांगायची, मधे कुणी बोलायचं नाही. सरपंच, तुम्ही."

तात्यारावांना पंचायतीच्या बैठकीला जागा हवी होती. "अन् दारावर माझ्या नावाची फरशी. ते चिठ्ठीत न्हाई, पण सरपंचाला लागतीच." अंबाजींना प्रयोगशाळा हवी होती, कशासाठी ते त्यांना सांगता येईना, तेव्हा विमलबाईंनी त्यांच्या वतीनं चार वाक्यं सांगितली आणि ती त्यांनी हुबेहूब म्हटली. चंद्रम्मांनी आपली चिठ्ठी हळू आवाजात वाचली. वाचनालय. वाचून झाल्यावर त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"चिठ्ठीत नाही ते बोललं तर चालंल का?"

चार दिवसांत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. गाणगापूरकडच्या एका मराठी शाळेत त्या कन्नड शिकवत, आणि आपल्या मराठीला कुणी हसेल म्हणून मराठी माणसांत बोलत नसत.

"चालेल, अक्का."

"आमच्या शाळेत पोरी सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत. शाळेतही पीत नाहीत. पाच वाजेपर्यंत. का तर, जायला जागा नाही." त्या थांबल्या. "मी पण पीत नाही. अठरा वर्षं झाली."

बाहेरून एक लॉरी गेली. विमलबाईंना आपली दुपारची डोकेदुखी आठवली. ती डोळ्यांमुळं होते असं समजून त्यांनी दोनदा चष्म्याचा नंबर बदलला होता.

"पालक काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

किशनराव खिडकीबाहेर बघत होते. "माझं काय. तुम्ही ठरवा."

"चिठ्ठी वाचा ना तुमची."

त्यांनी घडी उलगडली आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचलं, "तुमची मुलगी सातवीनंतर शाळा सोडणार आहे. शाळेत मुलींसाठी आडोसा नाही. ही खोली मुलींसाठी हवी, मागे संडास हवा."

"अन् मघापासून हे मुठीत घेऊन बसलाव?" अंबाजी म्हणाले. "पोरगी तुमची, अन् बोलायलीत अक्का!"

त्यानंतर फार वेळ लागला नाही. खोली मुलींची, मागच्या भिंतीला लागून संडास. पुस्तकांचं कपाट त्याच खोलीत, म्हणजे चंद्रम्मांची विद्यार्थिनीही तिथं बसून वाचेल. प्रयोगाचं सामान हेडमास्तरच्या जुन्या खोलीत. "अन् हेडमास्तर कुठं बसणार?" तात्यारावांनी विचारलं. विमलबाईंच्या चिठ्ठीत हेडमास्तरला नवी खोली ऑफिससाठी हवी होती. "व्हरांड्यात टेबल टाकेन," त्या म्हणाल्या. "तिथून कोण उशिरा आलं ते दिसतं." पंचायतीची बैठक रविवारी, वर्ग रिकामे असतात तेव्हा. फरशी लावायची ठरली. तात्याराव तिच्यावर अडूनच बसले होते.

"आता तोंडानं म्हणायचं. सरपंच."

"मला मान्य आहे. का तर, मला तीन नाती हायत."

"मला मान्य," अंबाजी म्हणाले. "आहे," विमलबाई म्हणाल्या. "आहे," अंबाजींनी जोडलं.

चंद्रम्मांनी मराठीत म्हटलं, मग स्वतःसाठी एकदा कन्नडातही म्हटलं.

"मला मान्य आहे," विमलबाई म्हणाल्या. "किशनराव?"

किशनराव बोलले नाहीत.

"तुमचीच मागणी पास झाली की ओ!" अंबाजी म्हणाले. "आता कामून अडलाव?"

"अडलोय कुठं? मान्यच हाय मला." किशनरावांनी फाइलीतून तो टाइप केलेला कागद काढला, बाकावर ठेवला आणि बोटानं बाईंच्या बाजूला सरकवला. चेहऱ्यावर हसू होतं, नेहमीचंच. "बाईंनी हितं एक सही करावी, मी तिकडं मान्य म्हणतो. देवाणघेवाण. सर तेच तर शिकवायलेत आपल्याला."

"काय हाय ते?" तात्यारावांनी दोन्ही डोळे उघडले.

"काही न्हाई, आमच्या शाळेचं. घरचंच."

कागद कन्नडात होता आणि चंद्रम्मा समोरच बसल्या होत्या. त्यांनी तो उलटा असूनही वाचला. मान वर केली आणि विमलबाईंकडं पाहिलं.

"हेडमास्तर व्हायची इच्छा नाही असं लिहिलंय. तुम्हाला नको आहे का, बाई?"

चार वर्षांत हा प्रश्न, प्रश्न म्हणून, कुणी विचारला नव्हता. सेक्रेटरींनी तो उत्तरासारखा विचारला होता. घरी पती भीमराज म्हणाले होते, "तुझी नोकरी, तू बघ," आणि पेपर वाचायला घेतला होता. विमलबाईंना उत्तर माहीत होतं, पण ते कधी तोंडापर्यंत आणलेलं नसल्यामुळं लगेच सापडेना.

शेजारच्या गटात टाळ्या झाल्या. तिकडं ठरलं होतं. रेवणसिद्धप्पा एकेक कागद घेऊन भिंतीवर लावत होते.

"बाई, करून टाका," अंबाजी घड्याळाकडं बघत म्हणाले. "आठातला आपलाच गट मागं ऱ्हायला तर सगळी हसतील. एका सहीनं काय व्हतंय?"

"सही झाली की काय होतं ते मी पाहिलंय," विमलबाई म्हणाल्या.

किशनरावांनी बाक पुढं ओढला आणि आवाज उतरवला. आता ते खेळत नव्हते. "बाई, सेक्रेटरीला मी शब्द दिलाय. आपलं काय वाईट चाललंय? तुम्हाला विचारल्याबिगर मी कधी काही केलंय का?"

"पहिल्या वर्षी."

"काय?"

"पहिल्या वर्षी विचारलं नव्हतं. पान कोरं होतं, मी सही केली, आणि वर तुम्ही लिहिलंत."

किशनरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते तर... सगळ्यांच्याच सह्या तशा..." ते थांबले. बाकावर अजून कोरा असलेला कागद त्यांनी पाहिला आणि नजर वळवली. मग आवाज थोडा चढला. "बरं, समजा झालाव हेडमास्तर. दसऱ्याला काय करणार?"

"ज्याला पूजा करायची आहे त्यानं करावी. तुम्हीच करा, तुम्हाला छान जमते. मी हजेरी घेईन."

तात्याराव खोकल्यासारखं हसले.

"गाव काय म्हणंल?"

"गाव चार वर्षं गप्प आहे. गप्प बसलेल्याचं काय धरायचं ते फळ्यावर लिहिलंय."

"फळ्यावरचं हितं चालतंय बाई. तिकडं दोन तट पडतील. एक सांगतो, राग मानू नका. पोरं कमी होतील शाळेतली. मग ज्या शाळेसाठी एवढं करायलाव, ती शाळाच ऱ्हायची न्हाई."

हे मात्र खरं असू शकत होतं. विमलबाईंनी ते टाळलं नाही. किती पोरं जातील? त्यांनी गल्ल्या डोळ्यांपुढं आणल्या, एकेक घर. दहा जातील. वीस जातील. चाळीस? जून सरेपर्यंत काही परत येतील, कारण जवळची दुसरी शाळा चिटगुप्प्यात होती आणि पावसात ओढा ओलांडावा लागायचा. काही येणार नाहीत. आणि मुली? आपल्या शाळेतल्या किती मुली सकाळी पाणी न पिता येतात, हे शाळेत एकवीस वर्षं काढून त्यांना ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, त्यांच्याही नाही.

त्यांनी एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर ठेवली. ठोके मिनिटाला शंभराच्या वर होते. भीतीच होती ती. भीतीत मोजमाप चुकतं, म्हणून त्यांनी पुन्हा मोजले. तेवढेच आले.

"बावन्न झाली," अंबाजी म्हणाले.

रेवणसिद्धप्पा समोर उभे होते. भिंतीवर सात कागद लागले होते. "पाचवा गट. झालं का एकमत?"

"झालंय सर," किशनराव घाईनं म्हणाले. "सर्वानुमते, खोली..."

"नाही झालं," विमलबाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या. बाक पोरांचा, बुटका. उभं राहताना गुडघा त्याला लागला आणि आवाज झाला. पुढच्या गटातल्या माणसांनी माना वळवल्या.

"चौघांनी तोंडानं मान्य म्हटलंय. एकानं म्हटलेलं नाही. तुमच्या नियमानं ते मान्य नाही असं होतं. कागदावर एकमत असं लिहिता येणार नाही."

"बाई, आता कामून ताणायलाव," अंबाजी दातांतून म्हणाले. "म्हणाले की ते मान्य!"

"अडलंय कशावर?" सरांनी विचारलं.

"एका अटीवर. अट खोलीबद्दल नाही."

रेवणसिद्धप्पांनी बाकावरचा टाइप केलेला कागद पाहिला. कन्नड त्यांची भाषा होती. एका नजरेत त्यांना कळलं असावं. त्यांनी डोळे लगेच बाजूला घेतले. "सांगण्यासारखं नसेल तर राहू द्या, बाई," ते म्हणाले. "खेळ आहे. एक गट राहिला तर काही बिघडत नाही."

"व्हय सर, राहू द्या," किशनराव म्हणाले. "घरचं हाय."

सगळा वर्ग आता इकडं बघत होता. चाळीस माणसं, बहुतेक ओळखीची, पंचक्रोशीतल्या शाळांची. इथं बोललेले शब्द संध्याकाळच्या बसनं गावागावात पोचणार होते आणि सेक्रेटरींच्या ओसरीवर आज ना उद्या जाऊन बसणार होते. परत घेता येणार नव्हते. विमलबाईंनी टाइप केलेला कागद उचलला, बिनसहीचा, किशनरावांच्या फाइलीत घातला आणि फाइल त्यांच्या हातात दिली. किशनरावांनी ती घेतली.

"घरचं नाही, सर. शाळेचं आहे," विमलबाई म्हणाल्या. आवाज वर्गात शिकवतानाचा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "आमच्याकडं हेडमास्तरची जागा भरायची आहे. सेवाज्येष्ठतेनं ती माझ्याकडं येते. मला ती नको, असं चार वर्षं लिहिलेलं आहे आणि खाली सही माझी आहे. ते खरं नव्हतं. मला ती जागा हवी आहे, आणि यंदा मी ती घेणार."